यंत्रात नोट गेली, साक्षीदार कोण?

गेल्या ईदला आमचा भाचा अमेरिकेहून पुण्याला आला होता. कोंढव्यातल्या घरी शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, आणि बोलता बोलता तो म्हणाला, “मामू, आमच्याकडे पेट्रोलपंपाच्या दुकानात, अगदी कोपऱ्यात, एक यंत्र उभं असतं. मोबाइल दाखवायचा, नोटा आत सरकवायच्या, की बिटकॉइन आपल्या खात्यात. बँक नको, कुणाचे प्रश्न नकोत.”

बैठकीतल्या पुरुषमंडळींचे कान टवकारले. एकानं लगेच विचारलं, “पुण्यात कुठं आहे हे?”

तो प्रश्न आमच्या मनात राहिला. बिटकॉइनपेक्षा ‘कुणाचे प्रश्न नकोत’ या तीन शब्दांचीच भुरळ जास्त होती. आपल्या घरांना ती का पडते, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. बँकेत पैसा ठेवला की व्याज येतं आणि ते घ्यायचं की नाही या विचारानं मन खातं. आधारवर ‘शेख’ एका स्पेलिंगनं, पॅनवर दुसऱ्या, आणि शाळेच्या दाखल्यावर अब्बांचं नाव तिसऱ्याच प्रकारे. काउंटरवरचा माणूस कागद उलटेपालटे करत वर बघतो, तेव्हा चोरी न करताही चोरासारखं वाटतं. त्यातून घरच्या बायकांनी पै-पै जोडलेली रोकड स्टीलच्या डब्यात. अशा घरात कुणी म्हणालं की नोट आत टाका आणि विसरा, तर ते गोड लागणारच.

तर आधी यंत्राबद्दल. असं पहिलं सार्वजनिक यंत्र 29 ऑक्टोबर 2013 रोजी कॅनडात, व्हॅंकुव्हर शहरातल्या एका कॉफीच्या दुकानात बसलं. दिसायला एटीएमसारखं, पण काम उलटं. एटीएम आपल्या खात्यातले पैसे बाहेर देतं, हे आपले पैसे आत घेतं. मोबाइलमधल्या ‘वॉलेट’चा पत्ता चौकोनी क्यूआर कोडनं यंत्राला दाखवायचा, नोटा घालायच्या, यंत्र आपली दलाली कापून उरलेल्या रकमेचं नाणं त्या पत्त्यावर पाठवतं. दलाली थोडीथोडकी नसते. शंभराला दहा ते वीस, काही ठिकाणी त्याहून जास्त. आपला रविवार पेठेतला व्यापारी एवढी सूट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी चढू देणार नाही, पण यंत्राशी घासाघीस करता येत नाही.

आता गंमत बघा. एवढी दलाली देऊन माणूस जी गुप्तता विकत घेतो, ती त्याला मिळतच नाही. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार एका जाहीर खातेवहीत कायमचा लिहिला जातो. जगातला कुणीही ती वही उघडून पाहू शकतो. तिथं नाव नसतं, फक्त अक्षर-अंकांचा पत्ता असतो. पण तो पत्ता तुमचा आहे हे एकदा कुणाला कळलं, की मागचे-पुढचे सगळे व्यवहार उघडे. यंत्राला कॅमेरा असतो, ते बहुतेक वेळा मोबाइल नंबर मागतं, रक्कम मोठी झाली की ओळखपत्रही मागतं. सरकारपासून लपायला गेलेला माणूस काचेच्या घरात जाऊन बसतो. अंधार असतो तो फक्त त्याच्या स्वतःच्या बाजूला. समोर पैसे कुणी घेतले हे त्याला कधीच कळत नाही.

हे ठगांनी सगळ्यात आधी ओळखलं. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांना फोन येतो: तुमचं खातं धोक्यात आहे, पैसे काढा आणि अमुक दुकानातल्या यंत्रात ‘सुरक्षित’ ठेवा. क्यूआर कोड ठगच पाठवतो. तिथल्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी आयोगाकडे या यंत्रांतून झालेल्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतली रक्कम 2020 मध्ये सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर होती. 2023 मध्ये ती 11 कोटी डॉलरच्या वर गेली. 2024 च्या पहिल्या सहामाहीत फसलेल्या माणसाचं साधारण नुकसान 10,000 डॉलर, म्हणजे आपले आठ लाखांहून जास्त. आणि साठीपुढची माणसं इतरांच्या तिपटीहून जास्त प्रमाणात फसलेली. ब्रिटननं मार्च 2022 मध्ये आपल्याकडची अशी सगळी यंत्रं बेकायदा असल्याचं सांगून बंद करायला लावली. ऑस्ट्रेलियानं 2025 मध्ये एका वेळच्या रोख व्यवहारावर 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा घातली. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हो, यंत्रावर इशाऱ्याचा कागद चिकटवलेला असतो खरा.” त्यानं तो वाचला नव्हता.

भारतात हे यंत्र आलंच नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेनं 6 एप्रिल 2018 रोजी परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ग्राहकांचे रुपये येण्याजाण्याची वाट बंद झाली, तेव्हा युनोकॉइन या कंपनीनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगळुरूच्या केम्प फोर्ट मॉलमध्ये रोख भरण्याचं यंत्र उभं केलं. काही दिवसांतच पोलिसांनी ते उचललं आणि कंपनीच्या दोन संस्थापकांना अटक केली. ते यंत्रही अनोळखी माणसासाठी नव्हतंच, ज्यांची कागदपत्रं कंपनीकडे आधीच होती त्यांनाच ते चालणार होतं. पुढे 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं. आज आपल्याकडे ही नाणी बाळगणं गुन्हा नाही, पण ती चलन म्हणूनही मान्य नाहीत. नफ्यावर सरळ 30 टक्के कर आणि वर अधिभार, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि मार्च 2023 पासून खरेदी-विक्रीची सेवा देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. ग्राहकाची ओळख पटवणं त्यांना बंधनकारक आहे.

मग आपल्या शहरात यंत्राचं काम कोण करतं? माणूस करतो. मोबाइलवरच्या एखाद्या ग्रुपमध्ये ओळख होते, चहाच्या टपरीवर भेट ठरते, रोख रक्कम हातात द्यायची आणि समोरचा ‘यूएसडीटी’ नावाचं डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं मोबाइलवर पाठवतो. ना पावती, ना नाव.

आमच्या ओळखीतल्या एका घराची हकिकत सांगतो. मुलगा पदवीधर, सरळमार्गी, बहिणीच्या निकाहसाठी चार पैसे जोडावेत एवढीच इच्छा. अशीच रोखीनं नाणी घ्यायची आणि ऑनलाइन थोडा भाव जास्त देणाऱ्याला विकायची, असं त्यानं सुरू केलं. दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी खातं गोठलं. ज्यानं त्याच्याकडून नाणी घेतली होती, त्यानं पाठवलेले पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त शिक्षकाला फसवून मिळवलेले निघाले. तक्रार तिकडे, खातं इकडे. वादातली रक्कम पन्नास हजारांच्या आत, पण त्याच खात्यात हॉलचे आणि जेवणाचे पैसे होते. तपास अधिकाऱ्यानं फोनवर विचारलं, “नाणी कुणाकडून घेतली?” मुलगा काय सांगणार? टपरीवरच्या माणसाचं टोपणनाव त्याला ठाऊक होतं, आणि तो नंबर आता बंद होता. त्याच्या अम्मीनं आम्हाला विचारलं, “आमच्या पोरानं हराम काय केलं?” मुलगा ठग नव्हता हे आम्हाला माहीत आहे, पण ते सिद्ध करणारा चिठ्ठीएवढाही कागद त्याच्याकडे नव्हता. निकाह झाला, मामूंच्या घराच्या गच्चीवर, उसन्या पैशांत.

(कुणी फसलं असेल तर लाज न बाळगता ताबडतोब 1930 या नंबरवर फोन करावा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. पैसे नाण्यात बदलून बाहेर गेले की परत मिळणं जवळजवळ अशक्य.)

नाण्याच्या बाबतीत पुण्याचे हात आधीच एकदा भाजलेत. ‘गेनबिटकॉइन’ योजनेनं दरमहा 10 टक्के परतावा, तोही अठरा महिने, असं आमिष दाखवलं. दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेले, आणि योजनेचा सूत्रधार मानला गेलेला अमित भारद्वाज एप्रिल 2018 मध्ये पुणे पोलिसांच्या हाती लागला. तो जानेवारी 2022 मध्ये वारला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांना पुणे पोलिसांनी अटक केली. जप्त वॉलेटमधली नाणी त्यांनीच वळवली, असा आरोप. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं. फेब्रुवारी 2025 मध्ये देशात साठ ठिकाणी झडत्या झाल्या, त्यांत पुणेही होतं. गुंतवणूकदार अजून वाटच पाहताहेत.

उलेमांचं मत काय, हा प्रश्न येणारच. मत एक नाही. इजिप्तचे मुफ्ती शौकी अल्लाम यांनी जानेवारी 2018 मध्ये बिटकॉइनचा व्यवहार नाजायज ठरवला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं नोव्हेंबर 2021 मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम सांगितला. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरिया सल्लागार मंडळानं मात्र 2020 मध्ये नोंदणीकृत बाजारातल्या व्यवहाराला तत्त्वतः परवानगी दिली. ज्याला घ्यायचंच आहे त्यानं आपल्या भरवशाच्या आलिमला विचारावं. आम्ही फतवा देणारे कोण? पण एक गोष्ट या मतभेदांच्या बाहेरची आहे. कुरआन शरीफमधली सगळ्यात लांब आयत नमाजबद्दल किंवा रोज्याबद्दल नाही, उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. सूरह बकराची 282 वी. लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, असं तिचं सांगणं. आपल्या भागातल्या बायकांची भिशी बघा. वहीत नावं, पैसे मोजताना दहाजणी हजर. त्यांना ही आयत कुणी समजावून सांगितली असेल-नसेल, पण व्यवहार तसाच चालतो.

आणि गुप्तता कुणापासून, हेही विचारायला हवं. वॉलेटची चावी म्हणजे बारा किंवा चोवीस शब्द. ते शब्द ज्याला माहीत, पैसा त्याचा. घरातल्या कर्त्या माणसानं बायकोलाही न सांगता असा पैसा साठवला आणि उद्या त्याचं बरंवाईट झालं, तर ना कर्ज फेडता येईल, ना वसीयत पुरी होईल, ना बायकोचा आणि मुलींचा शरीयतनं ठरलेला हिस्सा निघेल. बँकेत निदान अर्ज करता येतो, मृत्यूचा दाखला देता येतो. इथं अर्ज कुणाला करणार? पैसा डोळ्यांसमोर, त्या जाहीर खातेवहीत दिसत राहील, आणि एक दमडी हाती येणार नाही. वर्षाची जकात काढताना या रकमेचा हिशेब कोण धरणार, हाही प्रश्न आहेच.

भाचा परत जायच्या आदल्या रात्री आम्ही हेच बोलत बसलो होतो. आपा, म्हणजे त्याची अम्मी, भाजी निवडत सगळं ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, “तुझ्याकडे किती आहे रे, आणि सूनबाईला माहीत आहे का?” तो हसला, मग गप्प झाला. थोड्या वेळानं आमच्याकडे वही आणि पेन मागितलं.