जुन्या फाइलीत नवी ओळ

2023 साली औरंगाबाद शहराचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या एमआयडीसींत एक सहसा न दिसणारं काम निघालं. रस्त्यावरच्या आणि दुकानांच्या पाट्या बदललेल्या सगळ्यांनी पाहिल्या. पण डिलिव्हरी चलन, गेटपास, टेस्ट सर्टिफिकेट, खोक्यावरचं बारकोड लेबल यांवरही गावाचं नाव असतं, आणि ते कुठल्या तरी प्रोग्रॅममधून छापून येतं. मोठ्या कंपनीत ते एका मास्टरमध्ये बदललं की भागतं. छोट्या व्हेंडरकडे मात्र कुणीतरी कधीकाळी सी भाषेत लिहून दिलेला प्रोग्रॅम अजून रोज चालतो, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरतो आणि त्यातून निघालेल्या चलनावरच गाडी गेटबाहेर पडते. अशा प्रोग्रॅमांची देखभाल करणं हे माझं काम आहे.

नाव बदलायचं म्हणजे एक शब्द खोडून दुसरा लिहायचा, एवढ्यावर भागत नाही. रोमन लिपीत ‘औरंगाबाद’ची अक्षरं 10. ‘छत्रपती संभाजीनगर’ची, मधली मोकळी जागा धरून, 25. सीमध्ये मजकुराच्या शेवटी एक शून्य बाइट लागतो, म्हणजे जागा 26 ची हवी. जिथे गावाच्या नावाला 20 चीच जागा दिलेली आहे, तिथे नवं नाव कॉपी केलं तर ते शेजारच्या मेमरीत घुसतं. तेव्हा आधी जागा वाढवायची, मग छपाईच्या रकान्याची रुंदी, आणि लेबलवर मावत नसेल तर नाव दोन ओळींत मोडायचं. एवढं करूनही काम पाच-सहा ओळींचंच. त्या पाच-सहा ओळी बदलाव्यात आणि बाकीच्या फाइलीला धक्काही लागू नये, याबद्दल मी फार आग्रही आहे.

धक्का लावतो तो एडिटर. ओळ उजवीकडे सरकवायची (यालाच इंडेंट म्हणतात) तर दोन वाटा आहेत: टॅब किंवा स्पेस. स्क्रीनवर दोन्ही पांढरीच दिसतात, पण फाइलीत टॅब म्हणजे 9 क्रमांकाचं एकच अक्षर आणि स्पेस म्हणजे 32 क्रमांकाचं अक्षर, हवं तितक्या वेळा. टॅब किती रुंद दाखवायचा हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नसतं, ते ज्याचा त्याचा एडिटर ठरवतो. विममध्ये न सांगता तो 8 असतो, व्हीएस कोडमध्ये 4. त्यात पुन्हा कुणी ‘सेव्ह करताना फॉरमॅट कर’ हा पर्याय चालू ठेवलेला असेल, तर एका ओळीसाठी फाइल उघडावी आणि बंद करेपर्यंत सगळ्या ओळी बदललेल्या असाव्यात, असं होतं.

चलनाच्या प्रोग्रॅममधली मुख्य फाइल उघडली तेव्हा ती व्हीएस कोडमध्ये चक्क चुकीची दिसत होती. ‘इफ’ आणि त्याच्या पोटातली ओळ एकाच रेषेत, त्यापुढचा लूप थोडा आत, आणि लूपच्या पोटातली ओळ पुन्हा लूपच्याच रेषेत. लिहिणारा निष्काळजी होता असं वाटावं. मग मोकळ्या जागा दिसतील असं सेटिंग केलं: स्पेसच्या जागी ठिपका, टॅबच्या जागी बाण. लगेच उलगडा झाला. पहिल्या पायरीला चार ठिपके. दुसऱ्या पायरीला एकच बाण. तिसऱ्या पायरीला एक बाण आणि चार ठिपके. चौथ्याला दोन बाण. लिहिणाऱ्याची पायरी चारची होती आणि आठ जागा भरल्या की त्याचा एडिटर त्यांचा एक टॅब करत होता. टॅब आठ रुंदीचा धरला तर सगळं जागच्या जागी बसतं. चारचा धरला की दुसरी पायरी पहिलीवर आणि चौथी तिसरीवर येऊन पडते. जुन्या युनिक्स वळणाच्या कोडात ही रीत पुष्कळ सापडते. तिच्यामागे पक्की शिस्त आहे, फक्त ती ओळखता आली पाहिजे.

विममध्ये तिला जुळवून घ्यायला एक ओळ पुरते: टॅबस्टॉप 8, सॉफ्टटॅबस्टॉप 4, शिफ्टविड्थ 4 आणि नोएक्सपांडटॅब. पहिला आकडा टॅब किती रुंद दिसेल ते सांगतो, दुसरा टॅबची कळ दाबल्यावर किती सरकायचं ते, तिसरा आपोआप होणाऱ्या इंडेंटचा, आणि शेवटचा शब्द म्हणतो की टॅबच्या स्पेस करू नकोस. या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. बहुतेक जण फक्त पहिला आकडा बदलतात. फाइल नीट दिसायला लागते, पण टाइप केलेली नवी ओळ मात्र जुन्या रीतीने पडत नाही. व्हीएस कोड फाइल उघडताना तिचं इंडेंटेशन ओळखायचा प्रयत्न स्वतःहून करतो आणि एकसारख्या लिहिलेल्या फाइलीत ते बरोबर ओळखतो. अशा मिश्र फाइलीत मात्र त्याच्या अंदाजावर विसंबू नये. खालच्या पट्टीवर क्लिक करून टॅबची दिसण्याची रुंदी आणि इंडेंटची पायरी वेगवेगळी देता येते, ती हाताने द्यावी. त्याच पट्टीवर ओळींचा शेवट ‘सीआरएलएफ’ आहे की ‘एलएफ’ हेही दिसतं. विंडोजवर जन्मलेल्या फाइलीत तो सहसा सीआरएलएफ असतो. तो बदलला तर इंडेंट कितीही सांभाळला तरी सगळ्या ओळी बदललेल्याच दिसतात.

माझ्यासोबत काम करणाऱ्या, नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलाने विचारलं, “दादा, सगळी फाइल एकदाच चार स्पेसवर आणू ना. आपल्यालाच पुढे सोपं.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी त्याला बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा ‘ब्लेम’ उघडून दाखवला. त्यात प्रत्येक ओळीसमोर ती शेवटी कुणी, कधी आणि कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दिसतं. उदाहरणार्थ, चलनाच्या शेवटी पान पुढे ढकलायची नेहमीची आज्ञा द्यायची सोडून मोजून रिकाम्या ओळी सोडलेल्या आहेत. नवख्याला हा वेडेपणा वाटेल आणि तो ते काढून टाकेल. त्या ओळीच्या कमिटमध्ये कारण लिहिलेलं आहे: छापील सलग कागदाची उंची प्रिंटरच्या ठरलेल्या पानापेक्षा कमी आहे, आज्ञा दिली की पुढचं चलन खाली सरकतं. सगळी फाइल आपल्या सोयीने सरकवली असती, तर त्या ओळीसमोर आमचं नाव आणि ‘शहराचं नाव बदललं’ एवढंच राहिलं असतं. खोदून काढता येतं, मोकळ्या जागा वगळून ब्लेम पाहायचा पर्यायही आहे. पण खोदायला हवं हे सुचणार कुणाला? कारखान्यात लिहून ठेवलेलं ज्ञान आधीच थोडं असतं. त्यातलं बरंचसं अशा एकेका ओळीपाशी अडकलेलं असतं.

सीचा कंपायलर इंडेंट पाहतच नाही, तो फक्त कंस आणि अर्धविराम पाहतो. इंडेंट माणसाच्या डोळ्यांसाठी असतो, म्हणूनच तो फसवा झाला की धोका मोठा. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलच्या फोन आणि मॅकमधली सुरक्षेची एक त्रुटी उघड झाली. ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. दोन्ही सारख्याच आत, त्यामुळे दुसरीही ‘इफ’च्या पोटातली वाटत होती. प्रत्यक्षात ती दरवेळी चालत होती आणि सहीची शेवटची तपासणी वगळली जात होती. 2016 मध्ये आलेल्या जीसीसी 6 या कंपायलरमध्ये अशा फसव्या इंडेंटवर सूचना देण्याची सोय आली. आमच्या फाइलीत टॅब चुकीच्या रुंदीने पाहत कुणी ‘इफ’खाली नवी ओळ घातली असती, तर याच जातीची चूक व्हायला वेळ लागला नसता. पायथनमध्ये तर इंडेंट हेच व्याकरण. पायथन 3 टॅब आणि स्पेसची संदिग्ध सरमिसळ दिसली की चूक दाखवून थांबतं. त्या भाषेची पेप 8 ही शैलीपुस्तिकाही चार स्पेस सांगताना म्हणते, की आधीपासून टॅबने लिहिलेल्या कोडात टॅबच वापरावा.

आता काम हातावेगळं करताना शेवटी आम्ही दोन आकडे पाहतो. साधा डिफ काढला तर किती ओळी बदललेल्या दिसतात, आणि मोकळ्या जागा वगळून काढला तर किती. दोन्ही सारखे आले तर एडिटरने लुडबुड केलेली नाही. ही तपासणी आता तो मुलगाच करतो, आणि मी सांगायच्या आधी करतो.

पुढच्याला पुन्हा हे शोधत बसायला लागू नये म्हणून प्रोजेक्टच्या मुळाशी एक ‘एडिटरकॉन्फिग’ फाइल ठेवली आहे. सी फाइलींना इंडेंट टॅबचा, पायरी 4, टॅबची रुंदी 8. काही एडिटर ती थेट वाचतात, व्हीएस कोडला त्यासाठी एक एक्स्टेन्शन लागतं. त्यात मेकफाइलसाठी (प्रोग्रॅम तयार करायच्या आज्ञांच्या फाइलीसाठी) वेगळा भाग आहे, कारण तिथे आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ लिहिलं तेव्हापासूनचा हा नियम आहे.

सगळी फाइल नव्याने मांडायची वेळही कधी येते. दोन रीती मिसळून ती खरोखरच वाचता येईनाशी होते, तेव्हा ते टाळू नये. पण त्या कमिटमध्ये दुसरं काहीही नसावं, आणि त्याचा क्रमांक ‘ब्लेममध्ये धरू नये’ अशा यादीत टाकावा. ही सोय गिटमध्ये 2019 च्या 2.23 आवृत्तीपासून आहे. लेबलच्या प्रोग्रॅमचं आम्ही तसंच केलं. आधी मांडणीचा कमिट, तो यादीत. मग गावाच्या नावाचा कमिट वेगळा, मोजक्या ओळींचा, आणि त्याच्या संदेशात जागा 20 वरून 26 का केली त्याचा हिशेब.