ज्वालामुखीच्या पायथ्याची कॉफी

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात फ्युएगो नावाचा जागृत ज्वालामुखी आहे. फ्युएगो म्हणजे स्पॅनिश भाषेत अग्नी. त्याच्या परिसरात अनेक छोटे शेतकरी कॉफी पिकवतात. जुनी राख झिजून तेथील माती सुपीक झाली आहे. ताजी राख मात्र पानांवर साचली की पिकाला जाचते.

३ जून २०१८ रोजी तप्त वायू, राख व दगड यांचा लोंढा उतरला आणि सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडले गेले. शेकडो माणसे मेली वा बेपत्ता झाली. मग इतर लोक जागा का सोडत नाहीत? कॉफीचे रोप फळ धरायला तीन-चार वर्षे घेते. ते उपटून दुसरीकडे नेता येत नाही, आणि हातावर पोट असणाऱ्याला दुसरी जमीन कोण देणार?

हंगामात सारे घर पिकलेली लाल फळे हाताने खुडते. ती लवकर सोलली नाहीत तर आंबतात. ज्याच्याकडे सोलण्याचे यंत्र नाही, तो संध्याकाळी दलाल म्हणेल त्या भावाला माल देतो. मूळ भाव ठरतो न्यूयॉर्कच्या बाजारात. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय करारातील निर्यातीचे कोटे भाव सावरत. १९८९ साली ते मोडले आणि भाव कोसळला.

म्हणून आम्हांला सामाईक यंत्र घेणाऱ्या सहकारी संस्थांचे मोल वाटते. डोंगराचा कोप संघटनेला थांबवता येत नाही. संध्याकाळची ती अगतिकता थांबवता येते.