भिवंडीतलं गोदाम सोडताय? आधी कागद, मग टेम्पो

काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली... या पट्ट्यात गाळा घेताना सल्ला द्यायला दहा जण येतात, सोडताना कुणी फिरकत नाही. म्हणून ही पोस्ट.

एकच गोदाम बंद करत असाल, तर जीएसटी नोंदणीतून तो पत्ता १५ दिवसांत कमी करा, फॉर्म आरईजी-१४. माल आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या गोदामात जात असेल तर डिलिव्हरी चलन पुरतं, पण किंमत १ लाखाच्या वर गेली की ई-वे बिलही हवं. धंदाच गुंडाळताय? मग नोंदणी रद्द झाल्यावर ३ महिन्यांत जीएसटीआर-१०, म्हणजे शेवटचं विवरणपत्र, भरा. शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिटही परत करावं लागतं, तेव्हा पडून राहिलेला माल आधी काढा, पडेल भावात का होईना.

आता रॅक. घाईत भंगारवाल्याला बोलावू नका, तो किलोनेच मोजणार! नटबोल्टची रॅक धड असेल तर आधी शेजारच्या गाळ्यांत विचारा. पुठ्ठा, प्लॅस्टिक, लाकडी पॅलेट वेगवेगळं रचा. सरमिसळ ढिगाचा भाव पडतो. हमाल माथाडी मंडळाचे असतील तर मजुरी-लेव्हीच्या पावत्या जपा.

आणि चावी देण्याआधी मीटर रीडिंगचा फोटो काढा. डिपॉझिटचा वाद बहुतेक वेळा तिथेच अडतो.