लाल डोळ्याचं मूळ

सरकारी रुग्णालयाच्या नेत्र ओपीडीतली अंधारी खोली. शिवणकाम करणाऱ्या एक ताई स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवून बसल्या आहेत. "कपाळ पुढे घ्या, पापणी मिटू नका." शिकाऊ डॉक्टरांसाठीच्या बाजूच्या नळीतून डॉक्टरबाई मलाही बघू देतात. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यामागे, खालच्या भागात, मेणाचे थेंब गोठावेत तसे पिवळट, गुबगुबीत ठिपके. औषध घातल्यावर बाहुली गोल विस्फारायला हवी. पण तिची कड मागच्या भिंगाला जागोजाग चिकटल्याने ती वेडीवाकडी पसरली आहे.

डोळा वर्षभर अधूनमधून लाल होतोय. दर वेळी मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणले, लाली गेली, पुन्हा आली. दुखणं दबत होतं, मूळ तसंच होतं.

आता टेबलावर क्षयासाठीच्या मांटू चाचणीचा कागद आणि छातीचा सीटी आहे. फुफ्फुसांजवळच्या गाठी सुजलेल्या.

"पण मॅडम, मला खोकला नाही, ताप नाही. टीबी कसा?"

"जंतू शरीरात दबून राहतो, ताई. रक्तातून डोळ्यात जातो, नाहीतर त्याच्याशी लढताना शरीरच डोळा सुजवतं. डोळ्यातल्या पाण्यात तो क्वचितच सापडतो. म्हणून इतर कारणं तपासून, सगळं जुळवून ठरवावं लागतं."

"घरी लहान मूल आहे..."

"डोळ्यातून कुणाला लागत नाही."

उपचार लांबचा आहे: पहिले दोन महिने चार औषधं, मग कमी, एकूण सहा ते नऊ महिने, गरज पडल्यास जास्त. सूज आवरायला सोबत स्टेरॉइड, हळूहळू उतरवत न्यायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत डोळा उलट बिघडल्यासारखाही वाटू शकतो. तेव्हा गोळ्या सोडायच्या नाहीत, इथे यायचं, हे डॉक्टरबाई दोनदा सांगतात. लघवी केशरी होईल, घाबरू नका, हेही.

मग रंगीत ठिपक्यांचं पुस्तक निघतं. चारांतलं एथाम्ब्युटॉल कधीकधी दृष्टीच्या नसेला इजा करतं आणि रंग फिके दिसणं ही त्याची एक आधीची खूण असते.

"बारा... आठ..." ताई एकेक डोळा झाकून वाचतात. "दोऱ्याच्या छटा जुळवताना अडायला लागलं तर?"

"त्याच दिवशी या."

क्षयरुग्णांच्या 'निक्षय' या सरकारी पोर्टलवर नोंद होते. गोळ्या मोफत, आहारासाठी महिन्याला 1000 रुपये.

वाचकहो, डोळा पुन्हा पुन्हा लाल होत असेल, उजेड खुपत असेल, धूसर दिसत असेल, तर दुकानातून थेंब आणू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि क्षयाची औषधं सुरू झाली, तर लाली गेली म्हणून मध्येच थांबवू नका.