होड्यांची शर्यत आणि नदीचें दप्तर

नदीचें पाणी राखण्याकरितां होड्यांची शर्यत भरवावी व तीतून पैसा उभा करावा, ही गोष्ट आमच्या कित्येक वाचकांस पोरखेळासारखी वाटेल. शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें बैलगाड्या किंवा जत्रेंतील कुस्त्या येतात. तेथें पैसा खर्च होतो, जमत नाहीं. परंतु अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत चार्ल्स नांवाच्या नदीच्या कांठच्या लोकांनीं हा उपाय करून पाहिला. त्यांत शेतकऱ्यांनीं घेण्यासारखें बरेंच आहे, म्हणून ती हकीकत येथें देतों.

चार्ल्स नदी हॉपकिंटन गांवाजवळ उगम पावते आणि सुमारें ८० मैल वळणें घेत बोस्टन बंदरास मिळते. तिच्या पाणलोटांत ३५ गांवें व शहरें येतात. गिरण्या चालविण्याकरितां तिजवर जागोजाग बंधारे घातले गेले. पुढें कारखान्यांची घाण व शहरांचा मैला तींत सोडण्यांत आला. शेवटीं नदीचें पाणी हा थट्टेचा विषय झाला. १९६५ सालीं कांठच्या नागरिकांनीं ‘चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन’ या नांवाचा संघ स्थापन केला.

याच संघासाठीं १९८३ सालीं होड्यांची शर्यत सुरू झाली. तिची रीत सोपी आहे. भाग घेणारे लोक प्रवेशाची फी भरतात आणि व्यापारी मंडळी मदत देतात. लांब पल्ला सुमारें २४ मैलांचा, तो पथकांतील गड्यांनीं आळीपाळीनें वल्हवावयाचा. शिवाय नवशिक्यांसाठीं लहान पल्ले असतात. वाटेंत बंधारा आला कीं होडी पाण्याबाहेर काढून उचलून पलीकडे न्यावी लागते. आमच्या मतें येथेंच या युक्तीचें मर्म आहे. घरीं बसून वर्गणी देणाऱ्यास नदी दिसत नाहीं. जो मनुष्य दिवसभर तिच्या पाण्यावर बसतो, त्यास गटाराचें तोंड कोठें आहे, पाणी कोठें तुंबतें, कोठें वास येतो, हें कोणी सांगावें लागत नाहीं. पैशाबरोबर साक्षीदारही मिळतात.

आतां अशा संघास पैसा लागतो कशाला? त्याच्या अनेक कामांपैकीं आम्हांस सर्वांत मोलाचें वाटलें तें पाण्याची नोंद ठेवण्याचें. १९९५ पासून संघाचे स्वयंसेवक दर महिन्यास ठराविक दिवशीं सकाळीं ३५ ठरलेल्या जागांवर जाऊन पाण्याचे नमुने घेऊं लागले. नमुन्यांत मैल्यापासून येणारे जंतु व स्फुरद किती, हें तपासतात. जें स्फुरद आपण पिकास खत म्हणून देतों, तेंच नदींत अधिक झालें तर उन्हाळ्यांत निळसर-हिरवें शेवाळ माजतें आणि पाणी जनावरांस व माणसांस घातक होऊं शकतें.

त्याच १९९५ सालीं मध्यवर्ती सरकारच्या पर्यावरण खात्यानें या नदीच्या खालच्या भागास शाळेंतल्याप्रमाणें श्रेणी देण्यास आरंभ केला. पहिली श्रेणी ‘डी’ मिळाली, म्हणजे नापास होतां होतां वांचल्यासारखी. पुढें गटारांस चोरून जोडलेल्या मैल्याच्या नळ्या शोधून तोडल्या गेल्या, पावसांत मैला नदींत उतूं जाण्याचें प्रमाण कमी करण्यांत आलें, आणि दहा वर्षांच्या आंत नदी ‘बी’च्या वर्गांत आली. २०११ सालीं या कामास आंतरराष्ट्रीय नदी-पारितोषिक मिळालें. २०१३ सालीं पन्नासांहून अधिक वर्षांनंतर लोक तेथें जाहीरपणें पोहले. मात्र मोठ्या पावसानंतर पाणी अजूनही बिघडतें. हेंही नोंदीवरूनच कळतें.

नोंदीचा दुसरा उपयोग पुराच्या बाबतींत झाला. १९५५ व १९६८ च्या पुरांचा अभ्यास करितां लष्कराच्या इंजिनियरांस असें आढळलें कीं, नदीच्या वरच्या अंगाच्या पाणथळ जमिनी पुराचें पाणी धरून ठेवितात व हळूहळू सोडतात. तेव्हां नवें धरण बांधण्याऐवजीं १९७७ ते १९८३ पर्यंत सुमारें ८,१०० एकर पाणथळ जमीन राखून ठेवण्यांत आली. कांहीं जमीन सरकारनें खरेदी घेतली. उरलेलीची मालकी खातेदाराकडेच ठेवून, भराव व बांधकाम न करण्याचा हक्क तेवढा विकत घेतला.

या सर्वांत आमचा जीव कां गुंतला, तें सांगतों. आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां एका नदीकांठच्या गांवाचा अर्ज आला होता. वरच्या अंगानें घाण सोडल्यामुळें पाणी काळें झालें, मासे मेले, भाजीचे वाफे करपले, असें त्यांत लिहिलें होतें. वरच्या कचेरीनें विचारलें कीं, पाणी केव्हांपासून बिघडलें, पूर्वीं चांगलें होतें यास पुरावा काय? गांवकऱ्यांपाशीं शपथेखेरीज कांहीं नव्हतें. ‘पुराव्याअभावीं दप्तरीं दाखल’ हा शेरा आम्हींच आपल्या हातानें लिहिला. जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याचा उतारा आमच्या कपाटांत होता. ज्या पाण्यावर ती जमीन पिकत होती, त्याचा एक कागद नव्हता.

होड्या सर्वांपाशीं नाहींत, आणि आपल्या कित्येक नद्या उन्हाळ्यांत कोरड्या पडतात. परंतु वर्गणी, नदीचें प्रत्यक्ष दर्शन आणि वही, या तीन गोष्टी कोणत्याही गांवास साधतील. नदीकांठच्या सभासदांनीं एक जागा ठरवावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दोघांनीं मिळून तेथें जावें. पाण्याची उंची, रंग, वास, मेलेले मासे, आदल्या आठवड्याचा पाऊस हें लिहून दोघांनीं सही करावी. वर्षांतून दोनदां वर्गणीच्या पैशानें पाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा व दाखला वहींत चिकटवावा. आरंभ पाणी चांगलें आहे तेव्हांच करावा; बिघडल्यावर सुरू केलेल्या वहीस कचेरींत मोल येत नाहीं.