जाड तार की लांब गिटार?

गॅदरिंग दोन महिन्यांवर आलं की हॉस्टेलच्या टेरेसवर एक ठरलेला वाद सुरू होतो. गाणाऱ्याचा आवाज खालचा आणि निवडलेलं गाणं वरचं. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, सगळ्या तारा खाली उतरव ना!" उतरवल्या की त्या फ्रेटवर फडफडतात आणि कॉर्ड ऐकून रेक्टर सर सोडून सगळे खाली निघून जातात. दुसरा म्हणतो, जाड सेट लाव. तिसरा (याच्या घरून पैसे वेळेवर येतात) म्हणतो, सरळ बॅरिटोन गिटारच घेऊ. प्रश्न शेवटी पैशांचा आहे. म्हणून वाद घालण्याआधी थोडं गणित केलेलं बरं.

ज्यांना गिटारशी काही घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. बॅरिटोन म्हणजे नेहमीचीच सहा तारांची गिटार, फक्त लांब आणि खाली लावलेली. नेहमीची गिटार खालच्या 'ई'पासून सुरू होते, तर बॅरिटोन बहुतेक वेळा त्याखालच्या 'बी'पासून. सहा तारांचा बास म्हणजे चार तारांच्या बासला खाली एक 'बी' आणि वर एक 'सी' अशा दोन तारा जोडलेलं वाद्य. आणि स्केल लेंग्थ म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग कंप पावतो त्याची लांबी.

बारावीच्या प्रॅक्टिकलचा सोनोमीटर आठवतो? तोच नियम इथेही आहे. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि दर मीटरला असलेलं वजन. फ्रिक्वेन्सी (मराठीत म्हणे वारंवारता, मला कॉन्व्हेंटमध्ये हे कुणी सांगितलं नाही) खाली आणायची असेल तर तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. चौथा मार्ग नाही.

टेरेसवरचे लोक सैल करण्याचा मार्ग धरतात, कारण तो फुकट आहे. पण त्याचं बिल बघा. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारची स्केल २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असते. तिची सर्वांत जाड तार ०.०४६ इंचाची (दुकानदार नुसतं 'सेहेचाळीस' म्हणतो), वजन मीटरला साधारण ६.८ ग्रॅम. 'ई' म्हणजे ८२.४ हर्ट्झ. एवढं सूत्रात घातलं की ताण येतो ७.९ किलो. तीच तार 'बी'ला, म्हणजे ६१.७ हर्ट्झला उतरवली की ताण उरतो ४.४ किलो. कारण ताण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाप्रमाणे पडतो. सूर पाव भागाने उतरला, पण ताण जवळजवळ निम्म्यावर आला! मग तार फडफडणार नाही तर काय करणार?

आता ७.९ किलोचा ताण कायम ठेवायचा असं ठरवू आणि 'बी'साठी किती जाड तार लागेल ते काढू. ६४८ मिलिमीटरवर लागते साधारण ६१ ची. २७ इंचावर ५८ ची, २८.५ इंचावर ५५ ची आणि ३० इंचावर फक्त ५२ ची पुरते. म्हणजे गिटार दीड इंच लांब केली की तीनच नंबरचा फरक पडतो. मग एवढ्याशा फरकासाठी नवीन गिटार कशाला, ६१ ची तार लावून मोकळे होऊ, असं कुणालाही वाटेल.

खरी गोम पुढे आहे. सोनोमीटरचा नियम आदर्श तारेचा, म्हणजे ताठरपणा अजिबात नसलेल्या तारेचा. खरी तार थोडीशी सळईसारखी वागते. तिचे वरचे स्वरांश (दुप्पट, तिप्पट, चौपट वगैरे) असायला हवेत त्याहून किंचित चढे येतात. साध्या तारेत हा दोष जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या वर्गाने कमी होतो. जाड तार आणि आखूड गिटार या जोडीत दोन्हीकडून मार बसतो : ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, पण कॉर्ड वाजवली की चिखल ऐकू येतो. खालच्या तारांवर वेटोळं गुंडाळलेलं असतं ते याचसाठी. आतली तार बारीक राहते, बाहेरचं वेटोळं वजन वाढवतं आणि ताठरपणा फारसा वाढत नाही. बॅरिटोनच्या सेटमध्ये तिसरी तार बघून घ्यावी ती त्यामुळेच. नेहमीच्या गिटारला ती १७ ची साधी असते. बॅरिटोनला तिच्या जागी २१-२२ लागते आणि एवढी जाड साधी तार सळईच्या जवळ जाते. तिथे गुंडाळलेली घ्या.

हे सगळं परदेशी मासिकांतलं वाटत असेल तर आपल्या सांगली-मिरजेच्या पोरांना विचारा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हेच काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. मूळची ती शिकलगार मंडळी, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ती वाद्यांकडे वळली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असतो, तंबोरा पुरुषाच्या आवाजासाठी की बाईच्या? पुरुषाचा मोठा, त्याच्या तारा साधारण मीटरभर मोकळ्या वाजतात. बाईचा लहान, तारा बारीक. म्हणजे आधी आवाज, मग लांबी, मग तार. टेरेसवर नेमका उलटा क्रम चालतो.

आणि खर्जाची तार बघा. जोडाच्या दोन तारा पोलादी असतात आणि खर्जाची पितळी. खर्ज एक सप्तक खाली, म्हणजे तेवढ्याच लांबीवर आणि तेवढ्याच ताणाला चौपट वजन हवं, म्हणजे दुप्पट जाडी. पोलाद दुप्पट जाड केलं तर ते सळईच होईल. पितळ पोलादापेक्षा थोडं जड, पण ताठरपणा साधारण निम्मा. वेटोळं न गुंडाळता साधलेली युक्ती आहे ही! मटेरियल सायन्सच्या व्हायवाला मी हेच उदाहरण देणार आहे.

लांबी जास्त म्हणजे सगळं उत्तमच, असंही नाही. तार तुटण्याचा हिशोब मांडला की जाडी दोन्हीकडून कटते आणि उरते फक्त लांबी गुणिले फ्रिक्वेन्सी. म्हणजे जाड तार लावली म्हणून ती वरच्या सुराला जास्त टिकते, हा भ्रम आहे. ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर पहिली 'ई' ३२९.६ हर्ट्झला असते तेव्हा पोलादात १४३० मेगापास्कलच्या आसपास ताण असतो. ३० इंचाच्या बॅरिटोनवर कुणी हौसेने तीच 'ई' लावली तर तो १९८० वर जातो, तुटायच्या बेताला. मित्राकडून उसनी आणलेली बॅरिटोन नेहमीच्या सुराला लावू नका, ती 'बी'लाच ठेवा. तिथे तोच आकडा १११० आहे. मीटरभराच्या तंबोऱ्याचा जोड काळी पाचला चढवायला गेलात तर तोही गिटारच्या पहिल्या तारेच्या पुढे जातो. तंबोऱ्याचे दोन आकार का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

बोटांचाही विचार हवा. पहिला फ्रेट नटपासून ६४८ वर ३६ मिलिमीटरवर येतो, ३० इंचावर ४३ वर आणि ३४ इंची बासवर ४८ वर. लहान हाताच्या माणसाला २७ किंवा २८.५ ची बॅरिटोन हा शहाणा सौदा आहे. ३० इंचाची १९६१ ची फेंडर बास सिक्स वेगळ्या कामाची. ती गिटारच्या एक सप्तक खाली लागते.

सहा तारांच्या बासचं दुखणं फक्त खालच्या 'बी'चं. वरची 'सी' कुठल्याही लांबीवर सुखात असते, हात लावला की कळतं. 'ई'ला १०५ ची तार असेल तर तेवढाच ताण देणारी 'बी' १४० ची हवी. बाजारात बहुतेक सेटमध्ये ती १३० च्या आसपास मिळते. त्यामुळे ३४ इंचावर 'बी' शेजारच्या 'ई'पेक्षा १४ टक्के सैल राहते. ३४ इंचावरच्या त्याच 'ई'शी तुलना केली तर ३५ वर ती ९ टक्के सैल आणि ३६ वर जेमतेम ३ टक्के. अँथनी जॅक्सन यांच्यासाठी कार्ल थॉम्पसन यांनी १९७५ मध्ये सहा तारांचा बास बनवला आणि पुढे जॅक्सन ३६ इंचांकडे गेले, ते उगीच नाही. माझं मत विचाराल तर आपल्यासाठी ३५ पुरे. ३६ ला पहिला फ्रेट ५१ मिलिमीटरवर जातो आणि त्या लांबीच्या तारा दुकानात सहज मिळत नाहीत. हल्ली तिरके फ्रेट असलेली मल्टिस्केल वाद्यंही आहेत, 'बी' लांब आणि 'सी' आखूड. कल्पना मिरजेच्या दोन तंबोऱ्यांना एकाच दांडीवर बसवल्यासारखी, पण किंमत बघून टेरेसवर शांतता पसरते.

राहिला गॅदरिंगचा प्रश्न. 'डी' किंवा 'सी शार्प'पर्यंतच उतरायचं असेल तर आहे त्याच गिटारवर ५० ते ५४ चा सेट लावा. नटची खाच कानसून घ्यावी लागेल, ट्रस रॉड तपासावा लागेल आणि ब्रिजवर इंटोनेशन मागे घ्यावं लागेल. 'बी'ला जायचं असेल आणि त्यात पूर्ण कॉर्ड वाजवायच्या असतील, तर वर्गणी काढून २७ ची बॅरिटोन आणा. नुसते पॉवर कॉर्ड असतील तर ६० ची तार चालून जाते. सेट घेताना पाकिटावर गुंडाळलेल्या भागाची लांबी वाचा. लांब गिटारवर ती अपुरी पडली की तार वाया.

जाडीवर विश्वास नसेल तर मेट्रॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोमीटर आहे आणि केमिस्ट्री लॅबमध्ये काटा. जुन्या ४६ च्या तारेचा १० सेंटिमीटर तुकडा ०.६८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. लॅब असिस्टंट काकांना आधी विचारा मात्र.