नळदुर्गचं पाणी मामाच्या टीव्हीवर पांढरं का पडलं?

आज माझीच एक चूक सांगतो.

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात गेलो होतो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. आत काळाकुट्ट दगड आणि खिडकीबाहेर उन्हात चमकत कोसळणारं पाणी. फोनमध्ये एचडीआर चालू होतं. व्हिडिओत दगडाचे सांधेही दिसत होते आणि पाण्याच्या धाराही.

गावी आल्यावर पेनड्राइव्ह मामाच्या जुन्या टीव्हीला लावला. मामा म्हणाला, "धुकं पडलंतं का रं तिथं?" सगळं राखाडी!

आता कारण बघा. पडद्याचा उजेड 'निट'मध्ये मोजतात. साधा व्हिडिओ तयार करताना सगळ्यात पांढरा रंग साधारण 100 निट धरतात. माझी फाइल एचडीआर10 होती. त्यातली पीक्यू नावाची मोजपट्टी थेट 10,000 निटपर्यंत जाते, आणि 100 निट त्या पट्टीच्या जवळपास मध्यावर येतात. जुन्या टीव्हीला हे माहीतच नाही. तो मधला आकडा म्हणजे राखाडी समजतो. टीव्ही बिघडलेला नव्हता, त्याला भाषा कळत नव्हती.

मग मी एका ॲपमधून फाइल बदलली. राखाडीपणा गेला, पण मामा म्हणाला, "पाणी कुठंय? धोतर वाळत घातल्यावानी दिसालंय." ॲपने 100 निटच्या वरचं सगळं सरळ कापलं होतं. 300 निटची धार आणि 900 निटचा फेस, दोन्ही सारखेच पांढरे.

बरं, कापायचं नाही म्हणून सगळंच दहाने भागलं तर? 1000 चे 100 होतात, पण 10 निटचा दगड 1 निटवर येतो. महाल अंधारात बुडाला!

म्हणून टोन मॅपिंग करतात. अंधारातलं आणि मधलं फारसं हलवायचं नाही, वर जाल तसं हळूहळू जास्त दाबायचं. फेस थोडा मंद होतो, पण धार वेगळी दिसते. रंगही सांभाळावा लागतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे कापले की नारिंगी पिवळट होतं. तुळजापूरला पोताची ज्योत शूट करून बघा, लगेच कळेल.

एफएफएमपेगमध्ये यासाठी 'टोनमॅप' फिल्टर आहे. त्यातला 'हेबल' पर्याय एका गेम प्रोग्रॅमरच्या नावाचा आहे, कारण गेमवाल्यांनाही हीच अडचण येते. मला तो आवडतो, चित्र किंचित गडद येतं एवढंच. फुकट आहे, पण लॅपटॉप लागतो.

आणि माझी चूक? फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाइल त्याच रात्री उडवली, पेनड्राइव्हवर नवीन फाइल चढवली. कापलेला उजेड कुठल्याच फिल्टरने परत येत नाही. आता बंधारा पुन्हा ओसंडायची वाट बघतोय. मामाही येतो म्हणालाय.